नळीतून जाईल इतकं पातळ

मिक्सरच्या झाकणावर हात दाबून धरायचा असतो, हे दत्तारामला मिक्सर सुरू केल्यावर कळलं. पपई, केळं आणि दुधाचा फवारा त्याच्या बनियनवर, ओट्यावर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाला. त्याने घाईने बटण बंद केलं आणि आतल्या खोलीकडे कान दिला.

आतून काहीच आवाज आला नाही. एरवी गिरिजाने नुसत्या बोलण्याने त्याची सालं काढली असती.

पण गिरिजाचं बोलणं बंद होतं. बाजारातून येताना रिक्षा उलटली आणि तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने आवळून बांधले. आता सहा आठवडे जे काही पोटात जाईल, ते गालाच्या कडेने सरकवलेल्या बारीक नळीतून. मुलगी संचिता नाशिकहून धावत आली, आठवडाभर राहिली आणि तिच्या लेकीची, सान्वीची, परीक्षा तोंडावर आली म्हणून रडत परत गेली. रोज फोन मात्र करायची.

"बाबा, स्मूदी करून द्या तिला. सोप्पी असते. आंबा, केळं, दही, सगळं मिक्सरमधून फिरवायचं."

"म्हणजे मिल्कशेकच ना?"

"तसंच. पण जरा घट्ट."

"घट्ट नको गो. नळी चोक होते."

दत्ताराम काशीमीऱ्याच्या एका गॅरेजात ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करायचा. चोक झालेली नळी त्याला कळत होती. घरात मात्र त्याने आजवर चहासुद्धा केला नव्हता. बोलण्याचाही तोच प्रकार. घरातलं सगळं बोलणं गिरिजाकडे होतं. शेजारच्या हंसाबेनचं गुडघेदुखणं, भाजीवाल्याची लबाडी, गावच्या भावकीतली भांडणं, सगळं ती पोळ्या लाटता लाटता सांगायची आणि हा जेवता जेवता हुंकार भरायचा. आता घरात पंख्याचा आवाज तेवढा उरला होता.

त्याने उरलंसुरलं गाळून तिच्यापुढे धरलं. दोन घोट घेऊन गिरिजाने नळी काढली आणि भिंतीकडे तोंड केलं. कालही तसंच, परवाही तसंच. लिहायला आणलेली पाटी तिने केव्हाच कॉटखाली ढकलली होती. हंसाबेन भेटायला आल्या, "भाभी, जल्दी ठीक हो जाओ, तुम्हारे बिना बिल्डिंग सूनी लगती है," म्हणाल्या, तेव्हा तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहिलं. त्या गेल्यावर तिने हातानेच खूण केली : दार लावा. वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

पुढल्या रविवारी दत्तारामने पायरी आंबे आणले. गर काढला, केळं चिरलं, दही घातलं आणि मिक्सरचं बटण दाबायला जातो तोच वीज गेली. लोडशेडिंग. आता तीन-चार तास बघायला नको. त्याने पातेलं उचललं, रवी घेतली आणि गिरिजाच्या कॉटशेजारी फरशीवर बसून घुसळायला लागला. पंखाही बंद होता. रवीचा आवाज तेवढा घुमत होता.

ती शांतता त्याला सोसेना. तो काहीतरी बोलायला लागला. गॅरेजात आलेल्या राजस्थानच्या ट्रकबद्दल, शेठच्या नव्या गाडीबद्दल. आंब्याचे धागे रवीला गुंडाळत होते, ते बोटाने सोडवता सोडवता मधेच म्हणाला,

"आपली पहिली पोर गेली ना, तेव्हा पण आंब्याचेच दिवस होते."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या गिरिजाची पाठ ताठ झाली.

संचिताच्या आधीची ती. गावच्या घरी जन्मली, पण रडली नाही. दत्ताराम तेव्हा इथे नोकरीवर होता. तार मिळून तो एसटीने पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. विषय काढू नको, गिरिजा खचेल, असं त्याच्या आईने बजावलं, आणि त्याने तो कधीच काढला नाही. तिनेही नाही.

"त्या दिवशी तू विचारलंस, कुठं होतात. मी म्हटलं, मित्राकडे. खोटं होतं ते." रवी थांबली होती. "मी तिच्याकडं गेलो होतो. खाली, ओहोळाच्या काठाला, पुरली होती तिथं. काळोख पडेपर्यंत बसलो. एकटीच होती ना ती."

तो खाली मान घालून पुन्हा घुसळायला लागला. थोड्या वेळाने मान वर केली, तर गिरिजा उठून बसली होती आणि तिचा हात पुढे आला होता. त्याने गाळून ग्लास दिला. तिने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

त्यानंतर दत्ताराम रोज संध्याकाळी कधी चिकू, कधी आंबा घुसळायचा आणि बोलायचा. गिरिजा पीत राहिली. वजन उतरायचं थांबलं. पण त्या गोष्टीबद्दल तिने ना खूण केली, ना पाटी मागितली. आपण उगाच जुनी जखम उकरली की काय, असं त्याला वाटत राहिलं.

मेअखेरीस तारा काढल्या. जबडा पार आखडला होता, तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. हळूहळू बोला, आठवडाभर मऊच खा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर दत्तारामने आंबा कुस्करून वाटीत घातला आणि चमचा तिच्या हातात दिला.

चमचा तसाच हातात धरून गिरिजा म्हणाली, "तिथं... दगड होता?"

शब्द जड होते, एकमेकांत अडकत होते. पण त्याला कळलं.

"होता. पांढरा. वाटोळा."

"मीच ठेवायला लावला. सासूबायना सांगून." ती थांबली, श्वास घेतला. "म्हटलं, तुमी याल तेव्हा तुमाला सापडायला पायजे."

"सापडली," दत्ताराम म्हणाला.

गिरिजाने चार चमचे खाल्ले, पदराने ओठ टिपले आणि उरलेली वाटी त्याच्यापुढे सरकवली.