भुऱ्याचं शिक्षण

“बस म्हणलं ना तुला.”

छबुबाईनं भाकरीचा तुकडा मुठीत आवळला आणि दुसऱ्या हातानं कुत्र्याच्या पिल्लाचा मागचा भाग खाली दाबला. भुऱ्या बसला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तिच्या पोरानं, शहादेवनं, मोटारसायकल चालू केली आणि पिल्लू हाताखालून निसटून गाडीमागं सुसाट पळालं.

“आण गाडी माघारी,” ती ओरडली. “पुन्हा चालू कर.”

“माय, कुत्र्यापायी पेट्रोल जाळू का मी?”

“जाळ. खंड्याचं काय झालं ते तू न्हाई बघितलं. मी बघितलं.”

शहादेवनं गाडी वळवली. मागच्या साली ऊसतोडीचा ट्रक निघाला तेव्हा त्यांचा जुना कुत्रा खंड्या त्यामागं धावत थेट आष्टीच्या डांबरी रस्त्यापर्यंत गेला होता. ट्रकमधल्या कुणाला पत्ताही नव्हता. मागून येणाऱ्या टेम्पोखाली तो सापडला. छबुबाईनंच त्याला पोत्यात घालून घरी आणलं, आणि सगळ्या वाटेनं ती त्या मेलेल्या जनावराला शिव्या घालत होती.

यंदा ती जगावरच चिडलेली होती. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड लपवून बसला होता. टँकर आला तरी भांडण, नाही आला तरी भांडण. जवळच्या सहकारी कारखान्याच्या चिमणीला धूर दिसून जमाना झाला होता, पण संचालकांच्या सत्काराला हार कमी पडत नव्हते. आपला कारखाना थंड, आणि आपली माणसं दुसऱ्यांचे कारखाने चालवायला चारशे किलोमीटर लांब. त्यात सून गंगासागर पोटुशी, सातवा लागलेला. तिलाही शहादेव तोडीला नेणार होता, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला मुकादम विचारत नाही. यावरून मायलेकांत रोज वाजायचं. गंगासागर चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची. तिला कुणी विचारत नव्हतं.

दुपारी छबुबाई पिल्लाला मांडीवर आडवं घेऊन त्याच्या अंगावरची गोचिडं काढायची. अंघोळ घालायला पाणी कुठं होतं? एकेक गोचीड उपटून ती रॉकेलच्या डबीत टाकायची. पहिल्या दिवशी भुऱ्यानं तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

“चाव, भाड्या. तुझ्या बापानं तरी माया केलती का कुणावर,” ती म्हणाली, आणि त्याच्या कानामागं बोटानं हळूहळू खाजवत राहिली. तोंडाचा पट्टा चालूच असायचा, पण हात कधी घाई करायचा नाही. पंधरवड्यात पिल्लू पाय पसरून, डोळे मिटून पडायला लागलं. दिवाळी सरली तेव्हा तर ते मोटारसायकल गल्लीबाहेर गेली तरी बसल्या जागचं हलत नव्हतं. नुसतं कुंई कुंई करायचं आणि छबुबाईच्या तोंडाकडं बघायचं.

ट्रक आला. मुकादम राधाकिशन खाली उभा राहून माणसं चढवत होता. भांडी, सरपण, कोयते, कोंबड्या, पोरं, सगळं एकावर एक. गंगासागर चाकावर पाय देऊन चढताना एकदा घसरली. कुणीतरी दंडाला धरून तिला वर ओढलं.

“बस तिथं,” राधाकिशन म्हणाला.

ती लगेच बसली. सरपणाच्या मोळीवर, पोटावर हात धरून.

इकडं दारात छबुबाई म्हणाली, “भुऱ्या, बस.” तोही लगेच बसला.

छबुबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा वर सुनेकडं. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

“गंगे, उतर खाली.”

गंगासागरनं नवऱ्याकडं पाहिलं.

“त्याच्याकडं काय बघतीस? मी सांगायले ना.”

मग तिनं मुकादमाकडं पाहिलं. ती काही जागची हलेना. मोठ्यांपुढं तोंड उघडायचं नाही, सांगितल्याबिगर उठायचं नाही, हे वळण तिला छबुबाईनंच लावलं होतं. लग्न होऊन आल्यापासून, घासून घासून. आता ते तिच्या अंगात पुरतं मुरलं होतं, आणि छबुबाईला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ती तरातरा गेली आणि लुगड्याचा ओचा खोचून चाकावर चढली.

“हिला उतरवा. हिच्या जागी मी येते. शहादेवच्या बापासंग लई ऊस तोडलाय मी.”

“मावशी, ह्या वयात मोळी उचलंल का तुमाला?” राधाकिशन म्हणाला.

“आधी तुला उचलून टाकते, मग मोळीचं बघू.”

बाया हसल्या. शहादेव काहीतरी बोलायला गेला, पण आईचा चेहरा पाहून त्यानं बायकोला हात देऊन खाली उतरवलं.

“लिंबागणेशला निरोप धाड,” छबुबाई वरून सुनेला म्हणाली. “तुझ्या आईला बोलवून घे. तिला म्हणावं, बाळंतपण हितंच होऊ दे.”

गंगासागरनं मान डोलावली. ट्रक निघाला.

भुऱ्या उठला. इतके दिवस दुसरी माणसं जायची आणि छबुबाई त्याच्याजवळ असायची. तीच निघाली तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो धावत सुटला.

“बस, भुऱ्या, बस,” ती फळीवरून वाकून ओरडली. तिचा आवाज ऐकून तो आणखीच जोरात आला. ती जितकी ओरडेल तितका तो जवळ येत होता. डांबरी रस्ता समोर दिसत होता. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तो काढून तिनं गल्लीच्या दिशेनं हाक मारली, “गंगे, तोंड शिवलंय का तुझं?”

गंगासागर गडीमाणसांच्या घोळक्यात उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

“भुऱ्या! बस!”

गल्लीतली माणसं चमकून वळली. तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. पिल्लू धुरळ्यात थबकलं, त्यानं एकदा मागं बघितलं आणि ते बसलं.

“आन तुमी,” मागून तोच आवाज पुन्हा आला, आता ट्रकमधल्या नवऱ्याच्या दिशेनं. “आत्याबाईंना मोळी उचलू द्यायची न्हाई. सांगून ठेवते.”

शहादेव फळीला धरून उभा होता. तो आईशेजारी खाली बसला.