दूरच्या नंबराला रथांची शर्यत

"मान वर नका करू, नुसते डोळे वर करा," असं म्हणत चष्मेवाल्यानं नळदुरुस्तीवाल्याच्या नाकावर नवी फ्रेम टेकवली, कानामागची काडी बोटानं चाचपली आणि जरा मागं सरून, आपणच घडवलेल्या पुतळ्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. "आता समोरची पाटी वाचा. आता हातातल्या डबीवरची बारीक अक्षरं. दिसतंय?"

"दिसतंय. पण जिन्याच्या पायऱ्या उड्या मारतात."

"मारणारच. दोन नंबर एका काचेत पहिल्यांदाच घेताय. सवय करा. घरी गेल्यावर एक पिक्चर बघा."

"कुठला?"

हा प्रश्न आला की चष्मेवाल्याची कळी खुलायची. त्या दुकानाची रीतच तशी होती. बाकीचे चष्मेवाले काचेबरोबर पुसायला फडकं देतात. हा फडकं द्यायचा आणि वर प्राचीन रोमचा एखादा भव्य पिक्चरही सुचवायचा, औषध सांगावं तसा. नवा चष्मा त्यावर पारखून घ्यायचा. दूरच्या नंबराला रथांची शर्यत, कारण धुरळ्यातही चाकाचे आरे दिसले पाहिजेत. जवळच्या नंबराला राजवाड्यातलं विष, कारण पेला कुणी बदलला ते बोटांवरूनच कळतं. मोतीबिंदू काढून आलेल्याला समुद्रातली लढाई, निळा रंग परत भेटावा म्हणून. रोमच का, असं कुणी छेडलं तर म्हणायचा, "बाकीच्या पिक्चरात माणसं एका खोलीत बसून रडतात. त्याला चष्मा कशाला हवा?"

"तुमच्या काचेत दोन नंबर," तो नळवाल्याला म्हणाला, "तर पिक्चरही दोन मजली. सम्राट उंच पायऱ्यांवर उभा आहे आणि खाली त्याचीच माणसं कट शिजवतायत. वरच्या काचेतून सम्राट बघायचा, खालच्या काचेतून कट. आणि सम्राटाच्या डाव्या हाताला जो उभा असेल ना, त्याच्यावर नजर ठेवा. शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही तो."

"सिंह आहे का त्यात?"

"आहे तर. त्या सिंहाची एक गंमत आहे. मी थिएटरात पार शेवटच्या रांगेत होतो, तरी ओळखलं, की..."

"की त्याला चाळिशी लागलीय," नळवाला म्हणाला. "जवळचं दिसत नाही. म्हणून तर पुढ्यातला कैदी सोडून लांबच्या पहारेकऱ्याच्या अंगावर धावतो."

चष्मेवाल्याचा हात हवेतच राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोनवर एक आजोबा सांगतात की. रोमचे पिक्चर सुचवतात. आमच्या घरी झाडून सगळे ऐकतात. तुम्हीही ऐकता वाटतं?"

आणि त्यानं नव्या चष्म्याच्या खालच्या काचेतून बघत, कौतुकानं फोन पुढं धरला. तळहाताएवढ्या पडद्यावर मुनी बसला होता.

मुनी म्हणजे याच दुकानाच्या पडद्यामागचा माणूस. उभं आयुष्य त्यानं तिथं चाकावर काचांच्या कडा घासल्या. पुढं चष्मेवाला बोलायचा, मागं चाक घरघरायचं. मुनीचं स्वतःचं असं बोलणं म्हणजे तेवढी घरघर. चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, की एकदा मागं आग लागली तर मुनी बाहेर आला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि उभा राहिला. बाकीचं आपण समजून घ्यायचं. पुढं मुनीचे हात कापायला लागले आणि तो घरी बसला. चष्मेवाल्यानं दुसरा माणूस ठेवला नाही, काचा बाहेरून घासून आणू लागला. मुनीचं चाक मात्र विकलं नाही, त्यावर फडकं टाकून ठेवलं.

तो मुनी बोलत होता. "मी तेव्हा शेवटच्या रांगेत होतो," असं म्हणून थांबत होता, नेमका जिथं थांबायला हवं तिथं थांबत होता आणि घसा खाकरून सिंहाच्या चाळिशीकडे वळत होता. थांबणं चष्मेवाल्याचं, खाकरणंही चष्मेवाल्याचंच.

"बोलतो की छान," चष्मेवाला म्हणाला.

"ओळखता?"

"तोंडओळख आहे."

त्यानं फ्रेम परत मागून घेतली आणि काडीचा स्क्रू आवळला. जरा जास्तच आवळला, मग सैल करावा लागला.

संध्याकाळपर्यंत त्यानं मनाची समजूत घातली होती. सिंहाची चाळिशी ही त्याची थाप. पडद्यातून निसटलेल्या रथाच्या चाकाखाली पहिल्या रांगेतल्या माणसाची टोपी गेली, ही थाप. संवाद विसरलेल्या सेनापतीला घोड्यानं खूर मारून आठवण करून दिली, हीही थाप, आणि तीसुद्धा चांगली लोणकढी. रस्त्यावर सोडलेल्या मांजरीसारखी असते थाप. कुणीही दूध घालावं, कुणाच्याही घरी जावं. मांजर चोरली म्हणून कुणी रडत नाही. फक्त, जाताना एकदा मागं वळून बघायला हवं होतं मुनीनं. एवढंच.

दोन दिवसांनी मुनीची बायको आली. दुकानात कुणी नाही असं बघून स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

"भावोजी, माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही, वहिनी. अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता. धंद्याच्या दृष्टीनं तुमच्यासारखी वाईट बाई नाही."

ती हसली नाही. तिनं फोन काढून काचेच्या टेबलावर ठेवला.

"मग ही आंधळी कोण?"

फोनमधून मुनी सांगत होता. माझ्या बायकोला दिसेनासं झालं होतं. आम्ही कुणाला कळू दिलं नाही. पिक्चरला मात्र जायचो. मी तिच्या कानात सगळं सांगायचो. तिला मारामारी सोसायची नाही, म्हणून मी पदरचं घालायचो. माझ्या पिक्चरात गुलाम घरी पोचायचे, बुडालेली जहाजं काठाला लागायची. एकदा सम्राटाला त्याच्याच माणसांनी भोसकलं. सगळं थिएटर शहारलं. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, त्याच्यावर फुलं उधळतायत. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, मग तुमचा हात का गार पडलाय?

इथं मुनी थांबला, नेमका जिथं थांबायला हवं तिथं.

"तर मंडळी," तो म्हणाला, "हा पिक्चर चुकवू नका."

चष्मेवाल्यानं फडकं उचललं आणि समोरची स्वच्छ काच पुसायला घेतली.

चष्मेवाल्याच्या थापांच्या त्या अख्ख्या साम्राज्यात ही एवढी एकच गोष्ट खरी होती. बाकीच्या सगळ्या तिच्याच लेकी. कानात कुजबुजता कुजबुजता त्याला खोटं बोलायची गोडी लागली होती. आणि हीच गोष्ट त्यानं काउंटरवर कधी आणली नव्हती. चष्मेवाल्याची बायको आंधळी म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते? दिव्याखाली अंधार. हे तीच हसत हसत म्हणाली होती. म्हणून बाहेर निघताना ती चष्मा लावायची. त्या चष्म्याच्या काचा मुनीनंच बसवल्या होत्या. ती गेल्यानंतरच्या एका दुपारी, चाक बंद असताना, चष्मेवाल्यानं पडद्याआड जाऊन पिक्चरची, फुलांची आणि गार हाताची ती गोष्ट मुनीला सांगितली होती. मुनीनं ऐकून घेतली आणि मग चाक सुरू केलं. त्या घरघरीइतकं समजूतदार उत्तर चष्मेवाल्याला कधी कुणी दिलं नव्हतं.

फोनवर मुनीनं सगळं सांगितलं होतं. हात, फुलं, गारवा. चष्म्याचं तेवढं गाळलं होतं.

"आमचं लग्न उशिरा झालं," मुनीची बायको म्हणत होती. "आधीचं मी कधी उकरलं नाही. पण माझ्याशी दोन वाक्यं बोलायची झाली तर ह्यांच्या घशाला कोरड पडते. आणि हिच्या कानात अख्खा पिक्चर? विचारलं तर म्हणतात, तू त्यात पडू नकोस. भावोजी, तुम्ही दोघं एका पडद्याच्या दोन बाजूंना. तुम्हाला ठाऊक नसेल तर कुणाला? कोण होती ती? बॅग भरून ठेवलीय मी. लेकीकडे जाईन, पण ऐकून जाईन."

चष्मेवाल्यानं तिच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. तिथं त्याच्या बायकोचा फोटो होता, चष्मा लावलेला. मुनीच्या बायकोनं तिला एवढंच पाहिलेलं, फोटोतलं. काउंटरवरचं फडकं घडी घालून झालं, मग उलगडून पुन्हा घडी घालून झालं.

"थाप आहे, वहिनी," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझीच. आणखी कुणाची असणार? सिंहाची तशी ही. गिऱ्हाइकांना सांगायचो, ती मुनीच्या कानावर पडली. त्यानं बिचाऱ्यानं आपल्या नावावर खपवली."

तिनं मांडीवरची पिशवी सैल सोडली. बराच वेळ कोंडलेला श्वास बाहेर पडला आणि पाठोपाठ हसू आलं.

"तरीच. मी म्हटलंच, इतकं कोण कुणासाठी करतं?"

"तेच ना," चष्मेवाला म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं खालचा खण उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तो मुनीच्या घरी गेला. खोलीत बुटांच्या खोक्यांच्या चळतीवर फोन टेकवलेला होता. खुर्चीच्या मागं दोरीला निळी चादर लावली होती. सगळा जन्म पडद्यामागं काढलेला माणूस आता पडद्यापुढं बसत होता.

"ये," मुनी म्हणाला. एवढं बोलून त्याचं बोलणं संपलं.

आतून कपबश्यांचा आवाज आला. "भावोजी, चहा टाकलाय हं."

"रागावलास?" मुनीनं विचारलं.

"सिंहासाठी? छे. तुझ्याकडे शोभतो तो. माझ्या तोंडून ऐकताना लोक हसायचे, तुझ्या तोंडून ऐकून विश्वास ठेवतात."

"हात रिकामे झाले रे. चाक नाही, काही नाही. कानात सारखा तुझाच आवाज. तोंड उघडलं तर तोच बाहेर आला."

"आणि ती दुसरी?"

मुनीनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"ही म्हणाली, ती थाप होती. तूच सांगितलंस."

"सांगितलं."

"मलाही तेच वाटलं होतं." मुनी चादरीचं टोक नीट करू लागला. "तुझं खरं कुठलं नि खोटं कुठलं, कुणाला कळलंय कधी? सगळं एकाच सुरात."

हे काही चूक नव्हतं. आयुष्यभर लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्यानं, खऱ्या लांडग्याच्या दिवशी कुणी धावलं नाही म्हणून कुरकुर करू नये. चष्मेवाल्यानं मान हलवली. मग खिशातून रुमालात गुंडाळलेला एक चष्मा काढला.

"जाऊ दे. हा जरा बघ. डावी काच सैल झालीय. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

कामाचं काही हातात आलं तसा मुनीचा चेहरा निवळला. त्यानं चष्मा घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि सवयीनं खिडकीकडे वळला. काच हाती आली की तो आधी नंबर बघायचा, यंत्राबिंत्राशिवाय. काच डोळ्यापुढं धरून हळूच इकडून तिकडे सरकवायची. नंबराची काच असेल तर तिच्यातून दिसणारं पलीकडचं जगही सरकतं, थोडा नंबर असेल तर थोडं, मोठा असेल तर भरपूर.

समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. मुनीनं काच डावीकडे नेली. टाकी हलली नाही. उजवीकडे नेली. मग दुसरी काच. टाकी जागच्या जागी.

नुसती खिडकीची असते तशी काच. नंबर शून्य. ज्याला नंबराचा काही उपयोग उरलेला नाही आणि ते कुणाला कळूही द्यायचं नाही, त्यालाच असा चष्मा लागतो. दुकानात असा एकच झाला होता. त्याच्या कडा घासताना मुनीनं, जन्मात विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी एक, पडद्यातून डोकं काढून विचारला होता: कुणासाठी? आणि चष्मेवाल्यानं आवाज खाली आणून खरं ते सांगितलं होतं.

 आता चष्मेवालाही टाकीकडेच बघत होता.

मुनीनं चष्मा खाली घेतला नाही. त्याचा हात पुन्हा कापायला लागला होता. हात हलत होता, फ्रेम हलत होती, काचेतली टाकी तेवढी हलत नव्हती.

मुनीची बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि मध्येच थांबली.

"कुणाचा हो हा चष्मा? बायकी दिसतोय." तिनं डोळे बारीक केले. "मी पाहिलाय हा कुठंतरी."

चष्मेवाल्यानं पुढं होऊन तिच्या हातातला आपला कप घेतला.

"मुनी सांगेल, वहिनी," तो म्हणाला. "हल्ली छान बोलतो तो."

तिनं उरलेले कप खोक्यांवर, फोनशेजारी ठेवले आणि खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसली.