ओट्यावरून गाडीत

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. पोलीस, बंबवाले आणि ॲम्ब्युलन्सवाले बिनतारी यंत्रावर आपसात जे बोलतात, ते घरबसल्या ऐकवणारा काळा डबा. माझी कहाणी सांगताना मान वर होत नाही, पण तुम्ही ऐकाल म्हणून सांगतो.

एका कारखान्यात माझी जुळणी झाली आणि केंटकीच्या डोंगरातल्या बर्ल रॅटलिफ नावाच्या खाणकामगाराने मला विकत घेतलं. बर्ल गावच्या बंबावर फुकट सेवा करायचा. कुठे आग लागली की मी ओरडायचो आणि तो हातातला घास टाकून पळायचा. तो वारल्यावर त्याची बायको नेल्डा हिने मला ओट्यावर, पावाच्या डब्याशेजारी ठेवलं.

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. कुणाच्या घरी दुखणं आलं, मरण आलं, तर तिथे चूल पेटवू द्यायची नाही. मी पत्ता सांगितला रे सांगितला की नेल्डाचा ओव्हन तापलाच म्हणून समजा. कुणाकडे चिकन डम्पलिंग, कुणाकडे मक्याचा पाव. देवळात पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तेव्हा घरी येऊन तिने माझ्यावरची धूळ पदरागत एप्रनने पुसली. मलाही आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू?

तिच्या बहिणीचा मुलगा ड्वेन पोलिसात होता. कॉफी प्यायला आला की तो माझ्याकडे बोट दाखवायचा.

"मावशी, घरात खुशाल ऐक. कायद्याची ना नाही. पण ह्याला गाडीत घेतलंस तर आमच्या राज्यात तो गुन्हा आहे. मग मला तुलाच अडवावं लागेल."

"मी काय चोर आहे होय रे? पोलीस कुठेत ते ऐकून पळणारी?"

"चोरांसाठी आहेच कायदा. पण आमच्या आधी जाऊन पोचणाऱ्यांसाठी पण आहे."

"आधी पोचलं तर अन्न गरम राहतं," नेल्डा म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. ड्वेन हसला. मावशीपुढे कुणाचं चाललंय?

झालं असं, की डोंगरात घरं लांब लांब. अर्धवट ऐकून निघालं की वाट चुकायची. म्हणून एक दिवस तिने मला भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून गाडीत घेतलं. कुणी काही म्हटलं नाही. मग ती सवयच पडली. मला तर गाडी फार आवडली, मित्रांनो. ओट्यावरून खिडकीही दिसत नसे.

त्या दुपारी आम्ही पाय मोडलेल्या एका म्हाताऱ्याकडे डम्पलिंगचं भांडं घेऊन निघालो होतो. वाटेत मी बोललो. खाणीच्या वळणावर हिरवा ट्रक दरीत गेलाय. चालक जागीच गेला. गाडी कर्टिस स्लोनच्या नावावर आहे.

"अरे देवा, लॉरेटाचा नवरा," नेल्डा पुटपुटली आणि तिने गाडी वळवली. घरच्यांना कळलं असेलच, असं ती धरून चालली. आजवर तसंच होत आलं होतं.

स्लोनच्या ओसरीवर लॉरेटा आणि तिची सासू इमोजीन शेंगा सोलत बसल्या होत्या. नेल्डा भांडं घेऊन पायऱ्या चढली.

"पोरी, कर्टिसचं ऐकलं गं. देव तुला बळ देवो."

"काय ऐकलं?" लॉरेटाने विचारलं.

गाडीची काच उघडी होती आणि नेल्डाला कमी ऐकू येतं म्हणून माझा आवाज मोठा होता. मी तिथून खणखणीत बोललो: "स्लोनच्या घरी कुणी गेलं का? मयताच्या माणसांना अजून कळवायचंय."

लॉरेटाच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. दोघींनी जो हंबरडा फोडला, तो मी कधी कुणाला ऐकवू नये. नेल्डा भांडं धरून तशीच उभी. ते खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात ड्वेनची गाडी आली. टोपी हातात घेऊन तो वर आला. नेल्डाच्या गाडीतलं माझं बोलणं त्यानेही ऐकलं होतं.

"लॉरेटा, कर्टिस खाणीत कामावर आहे. आत्ता बोललो मी त्याच्याशी. ट्रक आज क्ले घेऊन गेला होता."

"कर्टिस नाही? देवा, उपकार झाले रे तुझे," लॉरेटा रडता रडता मोठ्याने हसली. मग तिचं लक्ष सासूकडे गेलं. क्ले हा इमोजीनचा धाकटा मुलगा. लॉरेटाने तोंडावर हात दाबला, पण बोलून तर गेली होती.

इमोजीन उठली आणि नेल्डाच्या हातातल्या भांड्यावर तिने झाकण नीट बसवलं.

"घेऊन जा, नेल्डा. तुझ्या हातचं माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

आमच्या खोऱ्यात दुःखाच्या घरातून अन्न परत गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

नेल्डा गाडीत येऊन बसली. ड्वेन खिडकीशी वाकला. "मावशी, घरी जा. मी काही बघितलं नाही."

"बघितलंस. लिही."

"मावशी..."

"लिही म्हणते ना. गाडीत नेल्याचा दंड तरी भरते. त्या दोघी सासू-सुना रोज एका टेबलाशी बसणार आहेत, त्याचा दंड कुठे भरू?"

आता मी पोलीस ठाण्याच्या फळीवर पडून आहे. माझी वायर काढलीय. कुणी दगडाने फोडलं असतं तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं. मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो, अर्धंच बोललो होतो. एवढंच मागतो: माझ्यासारख्याला घरातच ठेवा. आणि दुसऱ्याच्या घरचं मरण तुमच्या कानी आधी पडलं, तर गप्प बसा. त्या घरात आणखी थोडा वेळ शेंगा सोलून होऊ द्या.