रेडिओकाकांची पोटदुखी

बसवर कंडक्टर होते तेव्हापासून त्यांना सगळे रेडिओकाका म्हणत. तिकीट देता देता गोष्ट सुरू व्हायची आणि ऐकणारे आपला थांबा विसरून पुढे जायचे. निवृत्तीनंतर श्रोते उरले घरचेच, आणि त्यातला मुलगा कानात इयरफोन घालून बसायचा.

काकू मात्र कमी बोलायच्या. त्यांचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी. तिथली माणसं रानातला एक कंद खायची. नुसता शिजवला तर घसा खाजतो. आंबट पाल्यात उकळायचा, पाणी ओतून द्यायचं, परत उकळायचा. लग्नानंतर काकूंनी तो पहिल्यांदा केला तेव्हा पाहुण्यांसमोर काका म्हणाले होते, "गुरांचं खाणं आमच्या ताटात!" सगळे हसले होते. पुढे काकूंनी तो केला तो काका ड्यूटीवर असतानाच.

सून दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. एका सुट्टीच्या दिवशी तिनं सासूला कंद सोलताना पाहिलं आणि मोबाइल समोर धरला.

"आई, काय करताय ते सांगा ना."

काकूंनी मान वर न करताच सांगितलं. आईबरोबर उकरायला कशा जायच्या, वेल कशी ओळखायची, आणि थोडा कंद जमिनीतच का ठेवून यायचा. एवढंच. पण आठवड्याभरात तो व्हिडिओ कुठल्या कुठे पोचला.

"ऐका," जेवताना सून वाचू लागली. "'माझी आजी हे करायची. नावही विसरले होते. बघून रडूच आलं.'"

"लोकांना कामधंदे नाहीत," म्हणत काका ताटावरून उठले.

पुढच्या व्हिडिओत ते काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. काकूंचं वाक्य अर्धं व्हायच्या आत तेच पुरं करू लागले. खाली कोणीतरी लिहिलं, 'काकांना जरा आवरा, काकूंना बोलू द्या.' त्यालाच सगळ्यात जास्त लाइक आले. मुलानं ते हसत हसत वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात पोऱ्यानं विचारलं, "तुम्ही त्या कंदवाल्या काकूंचे मिस्टर ना?" काका गोळ्या न घेताच घरी आले. जन्मभर बोलले ते, आणि ऐकू गेली ती!

त्याच दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि स्वतःच गोष्ट सांगितली. नवी नवरी, चुलीचा धूर, आणि तिला कंद शिजवायला शिकवणारी आपली प्रेमळ आई. इतकी रंगली की शेवटी त्यांनीच डोळे पुसले. व्हिडिओ टाकताच जुन्या सोबत्यांनी वाहवा केली, तो पुढे पुढे पाठवला.

संध्याकाळी सुनेनं तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी शेवटपर्यंत पाहिला.

"छान सांगितलंत," त्या म्हणाल्या. "फक्त सासूबाईंनी त्या कंदाला कधी हातसुद्धा लावला नाही. माझ्या आईनं शिकवलं. तिचं एवढंच उरलंय माझ्याकडे. तेही तुम्हाला हवंय?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "ते काढून टाक रे."

महिन्याभरानं काकूंकडून वेल ओळखायला शिकायला दहाबारा तरुण मंडळी आली. टेकडीवर पिशवी धरायला काका गेले. काकू दोन शब्द बोलायच्या आणि सगळे कान टवकारायचे. काकांना आत कुठेतरी जळजळ व्हायची ती व्हायचीच. एका मुलीला त्यांनी बसची एक गोष्ट सुरू केली, तर ती म्हणाली, "एक मिनिट हां काका, काकू काहीतरी सांगताहेत."

घरी आल्यावर सगळ्यांच्या पंगतीत काकूंनी त्यांनाही वाढलं. काकांनी पहिल्यांदाच तो कंद तोंडात घातला.

"कसा झालाय?" काकूंनी विचारलं.

सगळे बघत होते.

"मीठ कमी आहे," काका म्हणाले, आणि खाली मान घालून ताट पुढे केलं.