कूलरचा डास

विज्ञान प्रदर्शनातून जिल्ह्यावर जायचंच, म्हणून मी वर्गाच्या खिडकीतल्या बंद कूलरलाच जाळीचे पंख लावून भलामोठा डास बनवला.

परीक्षक मॅडमसमोर मी सुटलेच. “शास्त्रज्ञ अशी लस शोधताहेत, की ती घेतलेल्याचं रक्त प्यायल्यावर डेंगूचा विषाणू डासाच्या पोटातच अडेल!”

पोट दाखवायला मी ऐटीत कूलरची जाळी काढली. आत पावसाचं पाणी साचलेलं, त्यात अळ्या वळवळत होत्या.

“हे काय वं?” मॅडमनी विचारलं.

“जिवंत नमुने!” मी ठोकून दिलं.

मैत्रीण दीक्षा फिसकन हसली. “वर्गालेच डेंगू देऊन राहिली का वं?”

“लस येईल तेव्हा येईल. आधी टाकी उपस,” मॅडम म्हणाल्या, “मग जिल्ह्यावर जा.”

जगाला वाचवणारी मी बादली शोधत पळाले.