सहा फुटांवरचे गोल

शेवटचा साधा दिवस सोमवार होता. त्या दिवशी बाबा आणि मी स्मशानात गोल काढत होतो, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

बाबांची गोल काढायची पद्धत ठरलेली होती. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून मी मध्ये उभी राहायची. दुसऱ्या टोकाला खडू बांधून ते वाकून माझ्याभोवती फिरायचे, आणि ते फिरतील तशी मी जागच्या जागी वळायची. मग पिवळा रंग. एरवी हे काम खिळा करतो, पण फरशीत खिळा ठोकता येत नाही. शिवाय मी ज्या ग्रंथालयात नोकरीला होते ते साथीमुळे बंद पडलं होतं.

"खिळाही पगार मागत नाही, तूही मागत नाहीस," बाबा म्हणायचे. "पण खिळा निदान गप्प असतो."

बाबा चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत होते. साथ आली, दुकानं बंद करण्याचा हुकूम निघाला, आणि बाबांवर कामाचा नुसता पाऊस पडला. प्रत्येकाला 'बंद' अशी पाटी हवी होती. सोनाराला सोनेरी 'बंद', खेळणीवाल्याला सात रंगांतला, शिंप्याला टाके घातल्यासारखा दिसणारा. आठवड्याभरात सगळं गाव बंद झालं आणि त्याबरोबर बाबांचं कामही संपलं. मग आरोग्य खात्याचे साहेब आले. पेंटर अत्यावश्यक सेवांच्या यादीत नाही, तेव्हा दुकान बंद करा आणि तशी पाटी लावा, असं म्हणाले.

"पाटी रंगवायला दुकान उघडावं लागेल," बाबा म्हणाले.

"दुकान उघडलं तर दंड."

"आणि पाटी नसली तर?"

"तरी दंड."

साहेबांनी यादी दोनदा वाचली. तीत काही सापडेना. शेवटी ते म्हणाले, "पाटी पुरी होईपर्यंत तुम्ही अत्यावश्यक."

ती दोन अक्षरांची पाटी रंगवायला बाबांनी सव्वीस दिवस घेतले. साहेब रोज डोकावायचे. बाबा रोज सांगायचे, "अनुस्वार अजून ओला आहे."

सत्ताविसाव्या दिवशी काही दुकानं उघडायची परवानगी मिळाली, गिऱ्हाइकं सहा-सहा फुटांवर गोलात उभी राहतील या अटीवर. गोल काढायचं काम बाबांना मिळालं आणि तिथे त्यांच्या हातून चूक झाली. पाट्या रंगवणारा माणूस दोन अक्षरांमधलं अंतर कडेपासून कडेपर्यंत मोजतो, कारण सगळी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. बाबांनी गोलही तसेच मोजले. प्रत्येक गोल तीन फुटांचा. त्यामुळे माणसं सहा नव्हे, नऊ फुटांवर उभी राहिली, आणि बेकरीची रांग कोपरा वळून, बँक ओलांडून, चपलांच्या दुकानापर्यंत गेली.

लोक तासन्‌तास उभे. पाय दुखणारच. चपलावाल्याने शटर अर्धं वर केलं आणि दुपारपर्यंत त्याच्या मऊ तळव्याच्या सगळ्या चपला संपल्या. उन्हामुळे छत्रीवाला सावरला. न्हाव्याने आरसा उचलून आणला आणि गोलागोलात जाऊन केस कापले. दीड महिना बाजारात चिटपाखरू नव्हतं, ते आता माणसं न हलता बाजार हलला. खात्याने पाहणी करून निष्कर्ष काढला की रांग हाच धंद्याचा आधार आहे. बंद दुकानांसमोरही रांगा आखाव्यात, असा नवा हुकूम निघाला.

चूक झाली हे बाबांनी साहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं. साहेबांनी त्यांना गप्प केलं. "आता ते धोरण आहे," ते म्हणाले.

आमची आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. ती एकदा पाव आणायला गेली आणि तीन तासांनी छत्री घेऊन परतली.

"पाव कुठाय?" बाबांनी विचारलं.

"ती रांग पावाची नव्हती."

"मग कशाची होती?"

"ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण शिस्त काय सुंदर होती, दादा."

"आणि तू उभी राहिलीस?"

"गोल रिकामा दिसला. तूच काढलास ना? मग माझ्यावर कशाला डाफरतोस?"

हळूहळू सगळ्यांना तीच सवय लागली. गोल दिसला की पाय आपोआप आत.

तर, सोमवार. स्मशानात चौथऱ्यापाशी पाच गोल काढायचे होते, कारण पाचच माणसांना परवानगी होती. तिथून फाटकापर्यंत आणि पुढे रस्त्यावर आणखी गोल, आपली पाळी यायची वाट बघणाऱ्यांसाठी. चौथऱ्यापाशी माझ्याभोवती फिरता फिरता बाबांनी विचारलं, "तुला वाचायला कोणी शिकवलं गं?"

"शाळेत शिकले," मी म्हटलं. "अजून कुठे?"

हे खरं नव्हतं. आई गेल्यावर बाबा मला दुकानात घेऊन बसायचे. पाट्या वाळत उभ्या असायच्या आणि मी त्यांच्यासमोर जमिनीवर. तिथेच एके दिवशी मला अक्षरं लागली. तेव्हा शाळेत माझं नावही घातलं नव्हतं. पण पुढे मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पुस्तकांतल्या माणसांत नोकरी धरली, आणि वडील काय करतात असं कोणी विचारलं तर "कलाक्षेत्रात आहेत" असं सांगू लागले. एकदा ते बाबांच्या समोरच सांगितलं.

"तेच म्हटलं," बाबा म्हणाले. "आमच्या पाट्या कोण वाचतंय? लोक बघतात आणि आत शिरतात. दोरी ताण."

घरी गेल्यावर खरं काय ते सांगावं, असं मी ठरवलं. घरी आत्याने भाजी करपवली होती. त्यावरून भावा-बहिणीची जुंपली, मग दोघंही हसायला लागली, आणि ते राहून गेलं.

मंगळवारी बाबांना ताप आला. बुधवारी त्यांना इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर नेलं. मी फाटकाबाहेर उभी राहिले, त्यांच्याच गोलात. चिठ्ठी लिहिली, पण कागद आत जात नव्हता. बाबांचा फोन गडबडीत घरीच राहिला होता. तो आणून दिला तर पहारेकरी म्हणाला, "याला तीन दिवस वेगळं ठेवावं लागेल."

"त्याला ताप नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर तीनच दिवस."

फोनचे तीन दिवस शनिवारी संपणार होते. बाबा शुक्रवारी गेले.

स्मशानात पाच गोल होते आणि आम्ही दोघी. बाबांना गुंडाळून चौथऱ्यावर ठेवलं होतं. तिथला माणूस वही घेऊन अडचणीत पडला.

"तीन गोल रिकामे राहताहेत. पाचच्या पुढे का गेलात ते लिहायला रकाना आहे. कमी का, याला नाही."

"आम्हाला एवढीच माणसं आहेत," आत्या म्हणाली.

तो डोकं खाजवत होता तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन माझ्या मागच्या गोलात येऊन उभी राहिली. तिच्यामागे एक म्हातारा. मग चपलावाला, त्याने कदाचित ओळखलं असेल. मग अनोळखी माणसं, एकेक, फाटकापर्यंत, फाटकाबाहेर, रस्त्यावर दिसेनाशी होईपर्यंत. साहेब धावत आले. त्यांनी मोजायला सुरुवात केली. पण कोणीही गोलाबाहेर नव्हतं, कोणीही कोणाच्या जवळ नव्हतं. मोजता मोजता त्यांचा एक पाय रिकाम्या गोलात पडला. त्यांनी दुसराही आत घेतला आणि टोपी काढली.

"ताई," मागच्या बाईने विचारलं, "इथे काय मिळतं?"

"काही मिळत नाही, बाई," आत्या म्हणाली. "माझा भाऊ आहे इथे. हे गोल त्यानेच काढलेत."

बाईने पायाखाली पाहिलं. पिशवी खाली ठेवली. "मग थांबते," ती म्हणाली.

माझ्या गोलापासून चौथऱ्याची पहिली पायरी सहा फूट, कडेपासून कडेपर्यंत. त्याच्या पुढे बाबा. तिथवर पोचायचं तर आवाज चढवावा लागतो. ग्रंथालयात इतकी वर्षं काढल्यावर मला त्याची सवय उरलेली नाही.

"बाबा," मी म्हटलं, आणि पहिल्यांदा ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने म्हटलं. "बाबा, शाळेत नाही. शाळेत जायच्या आधीच मला वाचता येत होतं. तुमच्या पाट्या मी वाचत होते. पहिली वाचली ती चष्मेवाल्याची. 'चष्मे'. पिवळी अक्षरं होती, त्यांना निळी सावली होती. तुम्ही शिकवलंत मला."