ओटीवरच्या एकतीस चपट्या

सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी सरोजिनी केळुसकर यांनी ओटीवर टेबल ओढले, त्यावर पांढरी चादर घातली आणि घरातल्या एकतीस चपट्या एकेक करून मांडल्या. दहा मिनिटांनी रस्त्यापलीकडच्या शाळेत मतदान सुरू झाले.

नोव्हेंबर २००८ मधला रविवार. वसई तालुक्यात कामणच्या अलीकडच्या त्या गावातला बार चालू ठेवायचा की नाही, हे गावातल्या बायका ठरवणार होत्या. मतपत्रिकेवर दोन चित्रे होती. उभी बाटली म्हणजे बार राहील, आडवी म्हणजे बंद. यादीत ११८६ नावे होती. बार बंद व्हायचा तर निम्म्याहून जास्त, म्हणजे ५९४ जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा होता. जी घरी बसेल ती आपोआप बारच्या बाजूची.

आडव्या बाटलीची मोहीम केळुसकरबाईंनी उभी केली होती. मुंबईच्या टांकसाळीत चांदीचा कस तपासण्यात त्यांची चोवीस वर्षे गेली. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही. पण दारू खिशात बाळगायच्या जुन्या चांदीच्या आणि काचेच्या चपट्या त्या निवृत्तीच्या आधीपासून जमवत होत्या. बऱ्याचशा चोरबाजारातल्या, काही कामणच्या गोदामांतल्या भंगारातून निघालेल्या. एक वसईच्या क्लेमेंट यांनी दिलेली. त्यांचे आजोबा बोटीवर होते.

शुक्रवारी गावात पत्रक फिरले. ‘दारूबंदीवाल्या बाईंच्या कपाटात एकतीस बाटल्या!’ खाली नाव नव्हते. आकडा बरोबर होता.

शनिवारी मोहिमेतल्या बायका बाईंकडे जमल्या. मटिल्डा म्हणाल्या, मतदान होईपर्यंत हे सगळे चंदनसारला बहिणीकडे ठेवा. भातशेती करणाऱ्या पुतळाबाईंना ते पुरेसे वाटेना.

“चौकात फोडा बाई. सगल्यांसमोर. मंग कोन बोलतो बघू.”

“पुतळाबाई, माझं भांडण दारूशी आहे. कारागिराशी नाही.”

“हरलो तर तुमच्या छंदापायी हरलो म्हणतील,” मटिल्डा म्हणाल्या.

“म्हणतील. कदाचित खरंही असेल. पण लपवल्या, की पत्रक नक्की खरं होईल.”

रविवारी पहिला तासभर बायका रस्त्यावरूनच बघून शाळेकडे गेल्या. मग सालोमी नावाची एक तरुण बाई पायरी चढली. तिच्यामागून चौघी आल्या.

“ही वाकडी का?”

“मांडीला चिकटून बसते. कोटावर फुगवटा दिसत नाही.” बाईंनी दुसरी उचलली. काच, वर चामडे, चामड्याला उभी चीर. “ही चीर आत किती उरलीय ते कळायला. आणि हे झाकण बघ. पाव फेरा दिला की उघडतं, एका हाताने. दुसऱ्या हातात घोड्याचा लगाम असायचा. शंभर वर्षं लोकांनी चोरून प्यायला एवढी अक्कल खर्च केलीय.”

“आमच्याकडे तांब्यात असते,” मागची एक म्हणाली. “वर फुलपात्र पालथं. म्हनतो, पानी हाय.”

सगळ्या हसल्या. तिथून शाळेकडे त्या एकत्रच गेल्या. त्यांनी सांगितल्यावर आणखी आल्या.

बारचा मॅनेजर हरेश्वर दहाच्या सुमारास फाटकाशी थांबला. “बाई, एखादी भरून देऊ?”

“आदी तुज्या आयशीला मताला आन,” पुतळाबाई ओटीवरून म्हणाल्या. “घरात कोंडून ठेवलीस ती.”

अकरा वीसला मतदान केंद्रावरचा कारकून टेप घेऊन आला. तक्रार आली होती. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला मनाई होती.

“प्रचार कुठाय? घरातल्या वस्तू आहेत.”

“बाई, सगळ्या आडव्या ठेवल्यात.”

“निम्म्यांची बुडं गोल आहेत. उभ्या करून दाखवा.”

कारकुनाने प्रयत्न केला नाही. शाळेच्या फाटकापासून टेबलापर्यंत त्याने टेप धरली. अठ्ठ्याण्णव मीटर. केळुसकरबाईंनी चपट्या आत नेल्या नाहीत. चौघींनी टेबल उचलून ओटीच्या मागच्या भिंतीला लावले. पुन्हा टेप धरली. एकशे एक. बाईंनी ते कारकुनाकडून लिहून घेतले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

पाच वाजता मतदान संपले. ६४० जणींनी मत दिले होते. पत्रक वाचून किती जणी आल्या नाहीत आणि टेबल बघून किती आल्या, याची नोंद कोणाकडे नाही.

मोजणी सहा चाळीसला थांबली. आडवी ५८८, म्हणजे सहा कमी. उभी ४१. उरलेल्या अकरा मतपत्रिकांवर शिक्का नव्हता. आडव्या बाटलीच्या चित्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा होता.

हरेश्वरने त्या बाद धरा म्हणून अर्ज दिला. केळुसकरबाईंनी ग्राह्य धरा म्हणून दिला. अधिकाऱ्यांनी अकरा मतपत्रिका वेगळ्या पाकिटात घालून लाखेने बंद केल्या आणि ठाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवल्या.

मंगळवारी दुपारी बारचे शटर अर्धे वर होते. ठाण्याहून उत्तर आलेले नव्हते.